डावा गाल, बावीस लक्स

"आई, हलू नकोस," मी म्हणालो आणि लक्समीटर तिच्या डाव्या गालाशी धरला.

"ताप बघतोयस का?"

"उजेड बघतोय."

"मग तो गालावर काय शोधतोस? बल्ब वर आहे."

मीटरवर आकडा आला : बावीस. उजव्या गालाशी धरला तेव्हा एकशे दहा. मला बरं वाटलं. तरी मी खुर्ची चार बोटं मागे सरकवली, आईला पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. अठरा. हे फार झालं. खुर्ची परत चार बोटं पुढे.

लक्स हे उजेडाचं माप. वाचायला तीनशे लक्स लागतात, शिवणकामाला पाचशे, ऑपरेशनला हजारो. मुलगी दाखवायला किती लागतात, ते मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. ते मी स्वतः काढलं होतं. त्यासाठी दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत मला सलग चार तास झोप लागली नव्हती.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, जयसिंगपूरची. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवत होतो. प्रकाशयोजना हा माझा आवडता विषय. मुलांचा नव्हता, पण ते चालायचंच. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण त्रिशला. ती सांगलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायची. वय एकोणतीस. तिच्या डाव्या कानाखालून जबड्यावर आणि तिथून गळ्यापर्यंत कोडाचा डाग उतरला होता. कोडानं त्वचेचा रंग जातो, बाकी काही जात नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांना स्थळं बघायला यायचं नव्हतं.

आधी चार मुलं येऊन गेली होती. चौघांची नजर दाराशी तिच्या चेहऱ्यावर पडायची, तिथून घसरून गळ्यावर जायची आणि मग चिवडा संपेपर्यंत तिथंच मुक्काम. एका मुलाच्या आत्यानं तर सरळ विचारलं, "भाजलंय का गं?" त्रिशला म्हणाली, "नाही, कोड आहे. चहा घ्या." आत्यानं चहा घेतला नाही.

तेव्हापासून त्रिशलानं अट घातली होती. "आधी सांगायचं. सांगितल्याशिवाय मी बाहेर येणार नाही. त्यांना चालत असेल तर या म्हणावं, नसेल तर चिवडा वाचेल."

पाचवं स्थळ मामानं आणलं. बाबगोंडा मामा, आईचा थोरला भाऊ, शिरोळचा. तीस-पस्तीस लग्नं जमवलेला माणूस. मुलगा इचलकरंजीचा, श्रेयांस मगदूम, सुताच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत, एकुलता एक. "आणि धार्मिक किती!" मामा म्हणाला होता. "सूर्य मावळला की घराबाहेर पाऊल न्हाई. आजकाल आपल्यात कोण पाळतंय एवढं?"

आम्ही जैन. सूर्यास्ताच्या आत जेवायचं, हे आमच्याकडे आजीच्या काळापर्यंत काटेकोर चालत होतं. आमच्या पिढीत ते पाहुणे आले की चालतं. त्यामुळे असा मुलगा असलेल्या घराविषयी आईला एकदम आदर वाटला.

"मामा, डागाचं सांगितलंस ना?" मंडळी यायच्या अडीच आठवडे आधी, एका बुधवारी मी फोनवर विचारलं.

"सांगतो की."

"म्हणजे सांगितलं नाहीस."

"भरत्या, पपई विकताना कोण आधी बिया दाखवतंय व्हय? पोरगी बघू देत. गुणाची हाय, शिकलेली हाय. एकदा मनात भरली की मग सांगू. तवर तू घरातलं ते लायटिंग का काय ते जरा नीट कर. तुझ्या इषयातलंच हाय न्हवं?"

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून त्रिशलानं विचारलं, "सांगितलं का त्यानं?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

आईनं देवघराकडे बघून हात जोडले. त्रिशला म्हणाली, "बरं." एवढंच. ती मामावर विश्वास ठेवत नसे. माझ्यावर ठेवत असे.

मला हेही लिहिलं पाहिजे की माझं लग्न तिच्या लग्नामागं रांगेत उभं होतं आणि रांग हलत नव्हती. त्यामुळे मी केलं ते सगळं तिच्याचसाठी केलं, असं म्हणण्याची सोय नाही.

तर लायटिंग. आमच्या बैठकीच्या खोलीत वडिलांच्या काळातल्या चार ट्यूबलाइट होत्या आणि दोन शंभराचे बल्ब. ट्यूबचा चोक दिवसरात्र गुणगुणायचा. तो पांढरा उजेड निर्दय असतो. भिंतीचे पोपडे, सोफ्याचे डाग, माणसांचे डाग, सगळं सारखंच दाखवतो. मी ते सगळं काढलं. छताच्या कडेनं पट्टी फिरवून तिच्यामागे एलईडी लपवले, म्हणजे दिवा दिसत नाही, नुसता उजेड झिरपतो. एका भिंतीवर वरून हलका झोत सोडला. बाहुबलीच्या तसबिरीवर छोटा स्पॉट. सगळा उजेड पिवळसर, ऊबदार, साजूक तुपासारखा. चारशे वॅटची खोली मी एकशे अठरा वॅटमध्ये सजवली. मी वर्गात सांगत असे : चांगल्या घरात तीन प्रकारचा उजेड असावा. वावरायचा, कामाचा आणि शोभेचा. चौथा प्रकार मी त्या वर्षी शोधला, तो अजून अभ्यासक्रमात आलेला नाही. त्रिशला ज्या खुर्चीत बसणार तिच्या उजवीकडे एक दिवा होता. डावीकडे नव्हता.

"हॉटेलात बसल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "आता कुणीतरी सूप आणेल." पण ती खूश होती. शेजारणींना बोलावून दाखवत होती.

अडचण एकच होती. मुलाला सूर्यास्ताच्या आत इचलकरंजीला परत पोचायचं होतं, म्हणून मंडळी चार वाजता येणार होती. मार्च महिना, पश्चिमेची खिडकी. सूर्य हा जगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला दिवा आहे, त्याचा वापर आधी करा, हे माझं दर वर्षीचं पहिलं वाक्य. त्या रविवारी मी त्याला दुहेरी मरून पडद्यामागे कोंडला.

त्रिशला साडी नेसून बाहेर आली. खुर्चीत बसली. वर बघितलं, उजवीकडे बघितलं.

"डावीकडे दिवा नाही?"

"तो झोताचा कोन असतो. दोन्हीकडून आला की चेहरा सपाट दिसतो."

"असं का," ती म्हणाली आणि पदर सारखा केला. विषय तांत्रिक असला की माणसं लगेच पटवून घेतात.

मंडळी चारला पाच कमी असताना आली. श्रेयांस, त्याची आई म्हणजे मगदूमकाकी आणि आमचा मामा. बाहेर रणरणतं ऊन होतं. श्रेयांस पायऱ्या भराभर चढला, उंबऱ्यात आला आणि थांबला. त्याच्या आईनं त्याचा दंड धरला. दोघं तसेच आत आले, अगदी सावकाश.

"आईवर जीव आहे हो," माझी आई माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात त्याचा गुडघा टीपॉयवर आपटला. पाण्याचे ग्लास हिंदकळले. "सॉरी, सॉरी," तो म्हणाला आणि वाकून टीपॉयची कड दोन्ही हातांनी चाचपली. मग सोफ्यावर बसला. बसण्यापूर्वी त्यानं सोफाही चाचपला.

मी ते सगळं बघितलं. पण मी तेव्हा मनातल्या मनात त्रिशलाचा डावा गाल बघत होतो, त्यामुळे मला काहीच दिसलं नाही.

"घर छान ठेवलंय," मगदूमकाकी म्हणाल्या. त्या सारख्या छताकडे बघत होत्या. "जरा अंधारच आहे नाही? पडदे उघडले तर?"

"ऊन फार येतं," मी आणि मामा एकदम म्हणालो.

"येऊ दे की. उन्हाचं काय एवढं?"

"सोफ्याचा रंग उडतो," मी म्हणालो. सोफ्याचा रंग वडील असतानाच उडाला होता.

त्रिशला शिरा आणि चिवडा घेऊन आली, सगळ्यांना बशा दिल्या. श्रेयांसचा हात बशीच्या डाव्या बाजूनं हवेत गेला, मग परत आला, मग बशी सापडली. त्रिशला आधी आईशेजारी टेकली होती. मामानं खूण केली तशी उठून ठरलेल्या खुर्चीत येऊन बसली. श्रेयांसनं घसा साफ केला.

"लॅबमध्ये तुम्हाला... कंटाळा नाही येत? रोज तेच तेच बघून?"

प्रश्न चांगला होता. पण त्यानं तो आईशेजारच्या रिकाम्या जागेला विचारला.

"तेच तेच नसतं," त्रिशला आपल्या खुर्चीतून म्हणाली. "प्रत्येकाचं रक्त वेगळं दिसतं. सांगायला मात्र सगळे एकच सांगतात, मला काही झालेलं नाही."

तो हसला. आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. नजर मात्र खाली. तिच्या हातांच्या आसपास कुठेतरी.

"लाजाळू हाय," मामा म्हणाला. "मान वर करत न्हाई बघा."

साडेपाचला ते घाईघाईनं निघाले. उंबऱ्याबाहेर ऊन लागताच श्रेयांसनं आईचा हात सोडला आणि चप्पल घालून ताडताड उतरून गेला. सोमवारी मामाचा फोन आला : होकार. मी खुर्चीतून उठलो, परत बसलो, परत उठलो. त्रिशलाला विचारलं. ती डबा भरत होती. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "चालेल."

चार जणांना नाही म्हणायची वेळसुद्धा तिच्यावर आली नव्हती. या पाचव्याला तिनं एका शब्दात हो म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी गच्चीवर जाऊन तासभर येरझारा घातल्या. मामाला फोन केला. "आता सांग."

"सांगतो. घर बघून येऊ, मग सांगतो."

"मामा!"

"अरे, घाई कुणाला हाय?"

पुढच्या रविवारी मामा आणि मी इचलकरंजीला घर बघायला गेलो. दुपारी तीन. बाहेर तसंच ऊन, खिडक्या सताड उघड्या आणि तरीही आत सगळे दिवे चालू. छताला सोळा, भिंतींना आठ. मोजायची सवय आहे. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवलेली. बटणांच्या पाट्यांवर बारीक लाल दिवे. मधल्या जागेत एकही वस्तू नाही. टीपॉय नाही, पायपुसणं नाही. सगळं सामान भिंतींना चिकटून बसलेलं, लसीकरणाला आणलेल्या पोरांसारखं.

"आमच्याकडे बाई उजेड आवडतो," काकी म्हणाल्या.

मला राहवलं नाही. पिशवीतून मीटर काढला, सोफ्याच्या हातावर ठेवला. नऊशे साठ.

"आमच्या ड्रॉइंग हॉललासुद्धा एवढा नाही," मी म्हणालो. "काकी, हा उजेड निम्म्याहून जास्त वाया जातोय. दिवसा तर काहीच लागत नाही. मी तुम्हाला प्लॅन काढून देतो, वीज चौथाई होईल."

"नको नको," काकी म्हणाल्या. इतक्या जोरात म्हणाल्या की मामानं शिरा खायचा थांबवला.

"मी दाखवतो सरांना वरचा मजला," श्रेयांस उठला. तो मला सर म्हणत असे.

स्वतःच्या घरात तो वेगळाच माणूस होता. तुरुतुरु चालत होता, बोलत होता. जिना घराच्या पोटातून वर जाणारा, खिडकी नसलेला. तिथंही पाच दिवे. तो पुढे, मी मागे. मधल्या वळणावर बटणांची पाटी दिसली आणि मी ते केलं जे मी कुठल्याही घरात करतो. दिवे न लावता नैसर्गिक उजेड किती येतो ते बघण्यासाठी बटण बंद केलं.

पूर्ण काळोख नव्हता. वरच्या दारातून थोडा उजेड येत होता. मला पायऱ्या दिसत होत्या, कठडा दिसत होता. श्रेयांसही दिसत होता. त्याचा एक पाय वरच्या पायरीसाठी उचललेला होता आणि तो तसाच हवेत राहिला होता. दोन्ही हात भिंतीवर, पंजे पसरलेले.

"लाइट लावा," तो म्हणाला.

मी बघत राहिलो.

"सर, लावा ना."

मी बटण दाबलं. त्यानं पाय खाली टेकला. कपाळावर घाम आला होता.

"तुमच्या इथे त्या दिवशी असंच झालं होतं," तो हसत म्हणाला. "बाहेर एवढं ऊन आणि आत तुमचं ते डेकोरेशन. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. चिवड्यात बोटं घातली की शिऱ्यात, ते तोंडात गेल्यावर कळायचं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कमी उजेडात शून्य. आणि कडेचं हळूहळू जातंय. समोरचं चांगलं दिसतं." मग त्याचा चेहरा बदलला. "तुम्हाला हे सगळं मामांनी सांगितलं असेलच ना? आईनं त्यांना सांगितलंय. आई म्हणाली, मुलीकडच्यांना सगळं माहीत आहे आणि त्यांना चालतंय. म्हणून तर मी आलो. नाहीतर मी बघायला जातच नाही कुठे."

माझं डोकं अशा वेळी फार वेगानं चालतं, हा त्याचा दोष आहे. पहिली गोष्ट लक्षात आली : मामाला यातलं काही माहीत नाही. माहीत असतं तर जाता-येता धार्मिक म्हणाला नसता. म्हणजे काकींनी आपल्या मुलाला तेच सांगितलं होतं जे मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं. दुसरी गोष्ट : मी आता 'नाही' म्हटलं तर तो लगेच खाली जाऊन विचारणार, काकी रडणार, मामा ओरडणार आणि त्यातून माझा डाव्या गालाचा हिशोबही बाहेर पडणार. तिसरी गोष्ट : ज्या माणसापासून डाग लपवण्यासाठी मी दोन आठवडे खपलो, त्याला आमच्या खोलीत जुन्या दिव्यांच्या उजेडातही तो धड दिसला नसता, आणि मी तर दिवे काढून घेतले होते.

"सांगितलंय," मी म्हणालो.

त्याचे खांदे खाली आले. "मग बरं," तो म्हणाला. त्रिशलाही अशीच 'बरं' म्हणाली होती.

परतताना मामाच्या गाडीत मी मामाला विचारलं, "मुलाच्या डोळ्यांचं तुला काही सांगितलंय का त्यांनी?"

"डोळ्यांचं काय? चष्मासुद्धा न्हाई."

मी सांगितलं. मामानं गाडी उसाच्या फडाशेजारी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. तीस-पस्तीस लग्नं जमवलेला माणूस.

"फसवलं की रं आपल्याला," शेवटी तो म्हणाला.

"मामा, आपण काय केलं?"

"आपलं येगळं," मामा म्हणाला. मग, "आता हे बरंच झालं म्हणायचं. त्यांचं एक, आपलं एक. फिट्टंफाट. कुणी कुणाला बोलायचं काम न्हाई. लग्न होऊन जाऊ दे, दोघं आपली आपली बघून घेतील."

"तो बघणार कसा?"

मामानं गाडी सुरू केली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई मंदिरात गेली होती. त्रिशला बैठकीत त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होती. म्हणजे वाचायचा प्रयत्न करत होती, कारण त्या उजेडात पेपर वाचता येत नसे. मामा दारातूनच शिरोळला सटकला.

"कसं आहे घर?"

"उजेड भरपूर आहे."

"आणि माणसं?"

"चांगली आहेत." मी बसलो, उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. "त्रिशला, एक विचारू? तू हो का म्हणालीस? म्हणजे एवढं पटकन?"

तिनं पेपर घडी केला. ती सहसा असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.

"तुला हसू येईल."

"नाही येणार."

"त्याला माहीत होतं ना माझं? मामानं सांगितलेलं. सांगितलं की माणसं जास्तच बघतात रे, बघायचं नाही असं ठरवून बघतात. यानं एकदाही माझ्या गळ्याकडे बघितलं नाही. दीड तासात एकदाही. मी मुद्दाम मान फिरवून बसले दोनदा. नाही बघितलं. मला वाटलं, याला खरंच काही फरक पडत नाही." ती थांबली. "अशी वेळ कधी आली नव्हती माझ्यावर. म्हणून म्हटलं चालेल."

मला हसू आलं नाही. एकशे अठरा वॅटमध्ये मी माझ्या बहिणीला आयुष्यातला पहिला सभ्य माणूस बनवून दिला होता.

मी सांगायला सुरुवात केली ती उलट्या बाजूनं. आधी त्याचे डोळे, जिना, हवेतला पाय. ती शांतपणे ऐकत होती, मधेच म्हणाली, "म्हणजे रातांधळा. तरीच रिकाम्या जागेशी बोलत होता." मग ती थोडी पुढे झुकली.

"पण डागाचं त्याला माहीत आहे ना? दिसलं नसेल, पण सांगितलंय ना?"

"नाही."

"मामानं सांगितलं नाही?"

"नाही."

"हे तुला आज कळलं?"

त्या क्षणी हो म्हणता आलं असतं. मामाच्या अंगावर ढकलता आलं असतं, आणि तिनं विश्वासही ठेवला असता.

"त्या बुधवारी तू स्वयंपाकघरातून विचारलंस तेव्हाच मला माहीत होतं," मी म्हणालो.

खुर्चीत बसल्या बसल्या तिनं उजवीकडे वर बघितलं, जिथं दिवा होता. मग डावीकडे वर बघितलं, जिथं नव्हता. तिला कोनाचं सगळं कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली उजेड कुठून टाकला की काय नाहीसं होतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"किती आहे इकडे?" तिनं डाव्या गालाला हात लावून विचारलं.

"बावीस लक्स."

"मोजलंस?"

"आईला बसवून."

ती उठली. "उद्या बारा वाजता मला तिकडे घेऊन जायचं. मामा नको, आई नको. सुट्टी टाक."

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता आम्ही मगदूमांच्या दारात होतो. श्रेयांसला तिनं सकाळी फोन करून घरी थांबायला सांगितलं होतं. काकी चहा टाकायला निघाल्या. "चहा नंतर," त्रिशला म्हणाली. "काकी, तुमची गच्ची कुठंय?"

जिन्यातले पाचही दिवे चालू होते. मी वरच्या दाराशी थांबलो. खाली काकी होत्या, वर हे दोघं. मला जायला कुठंच जागा नव्हती. गच्चीवर सिमेंट तापून पांढरं झालं होतं. तिथं लाखभर लक्स तरी असतील. मीटर मी घरी ठेवून आलो होतो.

"तुम्हाला माझं काही सांगितलेलं नाही," त्रिशला म्हणाली. "आणि मला तुमचं काल संध्याकाळी कळलं."

श्रेयांस तिच्याकडे बघत राहिला. मग दाराकडे वळला.

"सर, तुम्ही तर काल सांगितलंय म्हणालात."

मी उन्हात डोळे बारीक केले. दुसरं काय करणार?

"त्यांचं राहू दे," त्रिशला म्हणाली. "मला कोड आहे. इथं. वाढतंय. अजून कुठे येईल ते माहीत नाही." आणि तिनं पदर खाली घेऊन डावा गाल सूर्याकडे केला.

तो दोन पावलं पुढे आला. त्याला कडेचं दिसत नसे, त्यामुळे एका नजरेत सगळं मावत नव्हतं. तो कानापासून सुरुवात करून, मान हळूहळू हलवत, जबड्यावरून गळ्यापर्यंत खाली आला. नकाशा वाचावा तसा. फार वेळ लागला. मला वाटलं ती आता पदर घेईल. ती हलली नाही.

"झालं बघून?"

"थांबा," तो म्हणाला. "थोडं राहिलंय."

मग तिनं विचारलं, "तुमचं पूर्ण जाणार का? मुलांना येतं का हे?" आणि तो एकेक उत्तर देऊ लागला, जेवढं माहीत होतं तेवढं. मी खाली उतरलो. काकी जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर भिंतीवर नेली. तिथं बघायला फक्त उजेड होता.

त्यानंतर ते दोघं महिनाभर भेटले, दुपारचे, कुणालाही न घेता. मामाला वाटलं मोडलं. मे महिन्यात त्यांनी लग्न केलं, भर दुपारी, मंडपाचं कापड एका बाजूनं सोडून. माझंही लग्न त्याच वर्षी झालं. त्यांनी पुढे कोल्हापूरला फ्लॅट घेतला तेव्हा मी म्हणालो, प्लॅन मी काढून देतो, कमी विजेत त्याला सगळं नीट दिसेल असा. हे शक्य आहे, मी बराच अभ्यास केलाय. "नको, आम्ही बघतो," ती म्हणाली. त्यांच्या हॉलमध्ये चोवीस दिवे आहेत, सगळे चुकीच्या जागी. मी गेलो की त्या दिव्यांकडे बघत नाही.

ती माझ्याशी भांडली नाही. राखी बांधते, दिवाळीला येते, माझ्या मुलीला तिच्यासारखी दुसरी आत्या नाही. परवा रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"निघतोय आम्ही. तिकडे पाऊस आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं. आईला दे जरा."

मी फोन आईकडे दिला. आईनं तो कानाला लावला, ऐकलं आणि उठून खिडकीशी गेली.

"नाही गं," आई म्हणाली. "लख्ख ऊन पडलंय."